फॉर्मवरची दुसरी ओळ

उल्काने लिफ्टची वेळ तीनदा मोजली. चौदाव्या मजल्यावरून खाली यायला अडतीस सेकंद. मध्येच नवव्या मजल्यावरच्या आजीबाई सायकल घेऊन शिरल्या तर बावन्न. पुण्यात ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची, आणि कुठलीही नोंद तीनदा घेतल्याशिवाय खरी मानायची नाही. आता शिकवायला समोर वर्ग नव्हता. होतं ते सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधलं भाड्याचं तीन खोल्यांचं घर, आठवा महिना, आणि लाल पुठ्ठ्याची एक वही.

वहीत तिने प्रॅक्टिकलला लिहितात तसंच मांडलं होतं. उद्देश: बाळाचा जन्म घरी होणे. साहित्य: प्लास्टिकच्या मोठ्या चादरी चार, जुने टॉवेल बारा, टॉर्च दोन, थर्मास, हॉस्पिटलची तयार बॅग (लागू नये, पण दाराशी असावी). हॉस्पिटलपर्यंतचं अंतर टॅक्सीने नऊ मिनिटं, संध्याकाळी सहानंतर चौदा. कृतीचं पान कोरं होतं. ते फरीदा, ठरवलेली मिडवाइफ, सांगेल तसं भरायचं होतं.

घरी का, असं तिला दोनच माणसांनी विचारलं, कारण दोनच माणसांना तिने सांगितलं होतं. त्यातला एक तिचा नवरा, शिरीष. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो मॅनेजर, आणि एक आठवडा सोडून एक आठवडा जकार्तात. त्याने अगदी मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं." शिरीष प्रत्येक गोष्टीला असंच म्हणायचा. भाजी काय करू, पडदे कुठले घेऊ, बाळ कुठे जन्माला घालू. भांडायला निदान दुसरी बाजू तरी लागते. त्याच्याशी बोलताना उल्काला आपण एकटेच दोन्ही बाजूंनी बॅडमिंटन खेळतोय असं वाटायचं.

दुसरं माणूस आई. आईचं पुढे येईलच.

कारण असं होतं. दोन वर्षांपूर्वी उल्काचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला होता. शिरीष तेव्हा जकार्तात होता, दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानाने आला. मधले अकरा तास ती वॉर्डात होती. तिथे कुणी वाईट वागलं नाही, हे ती मुद्दाम सांगायची. अकरा तासांत आठ जण आले. आठही जण मऊ बोलले. आणि आठही जणांनी बोलण्याआधी तिच्या मनगटावरची पट्टी उलटी करून तिचं नाव वाचलं. सातव्या खेपेला तिने स्वतःच हात पुढे केला. तो हात पुढे करणं तिच्या मनातून जाईना. या वेळी तिला खोलीत एक तरी माणूस असं हवं होतं, ज्याला पट्टी वाचावी लागणार नाही.

फरीदा पहिल्यांदा आली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारी. साठीच्या आतबाहेरची, ठेंगणी, डोक्याला फिकट हिरवा स्कार्फ, पाठीवर शाळेच्या मुलांसारखी सॅक. तीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढून आता ती घरच्या बाळंतपणांना जायची. तिच्याबरोबर काम करणारी एक डॉक्टरीण होती. ती शेवटी वेळेवर पोचायची, आधीचे सगळे तास फरीदाचे. आल्या आल्या तिने पलंग हलवून पाहिला, बाथरूमचा गरम पाण्याचा नळ सोडून हात धरला, खिडकीतून खाली ॲम्ब्युलन्स कुठे उभी राहील ते पाहिलं. उल्काने वही दाखवली, तेव्हा लिफ्टच्या सेकंदांवर तिचं बोट थांबलं.

"तू टीचर?"

"होते."

"दिसतंय, लाह." इथल्या इंग्रजीचं ते शेपूट तिच्या बोलण्याला असायचंच. मग तिने सॅकमधून एक फॉर्म काढला. "आता हे सांग, घरात त्या दिवशी कोण?"

उल्काने शिरीषचं नाव सांगितलं. फरीदाने ते पहिल्या ओळीवर लिहिलं, आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"नवरा मी अर्धा धरते. नवरे चक्कर येऊन पडतात. तुझा तर विमानातही बसतो. दुसरं कोण?"

"दुसरं हवंच का?"

फरीदाने दोन्ही हात तिच्यासमोर पसरले. बोटं आखूड, नखं बारीक कापलेली. "हे बघ, गर्ल. कधी कधी एका क्षणाला माझ्याकडे दोन पेशंट असतात. तुझं रक्त थांबवायचं आणि बाळाला रडवायचं. डॉक्टर पोचायच्या आत हे दोन हात एकीकडे गेले की दुसरीकडे कुणाचे? खोलीत पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबणारं एक मोठं माणूस हवं. ते नसेल तर मी येणार नाही. तू हॉस्पिटलात जायचं. तिथे तुझं नाव आहेच, तिथेही बाळं होतातच."

फॉर्मवरची दुसरी ओळ रिकामी होती. उल्काने त्या ओळीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "माझी आई येतेय पुण्याहून. संजीवनी."

सहज, कारण तोंडाला सवय झाली होती. हेच तिने महिन्याभरापूर्वी गणपतीतही सांगितलं होतं.

जुरोंगकडच्या मराठी बायकांचा पंधरा-सोळा जणींचा एक घोळका होता, आणि त्याची सूत्रं नीताताईंकडे. नीताताई वीस वर्षांपासून इथे, आता इथल्याच नागरिक. कुणाच्या घरी बाळ यायचं असलं की त्या फोनवर यादी करायच्या: पाच बायका, पाच वार, पाच डबे, शनिवार-रविवार नवऱ्याने बघावं. पण ही यादी कुणासाठी? जिची आई येऊ शकत नाही तिच्यासाठी. जिची आई येते तिच्या दाराची बेलसुद्धा चाळीस दिवस कुणी वाजवायची नाही, असा त्यांचा अलिखित नियम. मायलेकींना निवांतपणा मिळावा, आईला आल्यागेल्याचं करत बसावं लागू नये, म्हणून. नियम प्रेमातूनच आलेला होता.

तर गणपतीत, एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये, हातात मोदकांचं ताट घेऊन नीताताईंनी विचारलं होतं, "आई कधी येतायत गं?" येतायत का, असं नाही. कधी. त्या वेळी खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या: मी घरी बाळंत होणार आहे, आणि म्हणून आई येत नाहीये. मागे आरतीसाठी टाळ वाजायला लागले होते. उल्का म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये."

"झालं तर मग. आई आली म्हणजे आम्हाला सुटी," असं म्हणून नीताताई हसल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मोदक वाढायला पुढे गेल्या. उल्काचं नाव यादीतून गेलं. त्या दिवसापासून फोन कमी झाले. मग थांबले. सगळ्या जणी तिला निवांतपणा देत होत्या.

आणि आई येत नव्हती. ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर उल्काने सगळं समजावून सांगितलं होतं; डॉक्टरीण, टॅक्सीची नऊ मिनिटं, सगळं. आईने चष्मा काढून ठेवला.

"सुईण बोलावणार? सिंगापुरात?"

"सुईण काय आई, शिकलेली मिडवाइफ आहे. तीस वर्षं हॉस्पिटलात होती."

"मग हॉस्पिटलातच राहायचं होतं की तिने." आणि थोडं थांबून, अगदी शांतपणे, "हॉस्पिटल म्हण, मी उद्या तिकीट काढते. घरी म्हणालीस तर मी येणार नाही."

का, ते आईने सांगितलं नाही. उल्कानेही विचारलं नाही. दोघी एकाच मातीच्या. पहिल्यांदा कोण बोलतंय याची वाट बघत दोघींनी सप्टेंबर घालवला. फोन व्हायचे. जेवलीस का, पाय सुजलेत का. तेवढंच. मध्ये आईने कुणाबरोबर तरी एक पार्सल पाठवलं: अळीव, डिंक, आणि स्वतःची निळी इरकल साडी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. दुपट्यांसाठी. चिठ्ठीत एकच ओळ, कापताना काठ बाजूला काढ, बाळाला टोचतील.

उल्काने साडी कापली नाही.

सदतिसाव्या आठवड्यात फरीदा आईला भेटायला येणार होती. आदल्या दिवशी उल्काने नीताताईंना फोन लावला. खरं सांगायचं, त्यांनाच दुसऱ्या ओळीवर थांबाल का म्हणून विचारायचं, असं ठरवून वाक्य पाठ केलं होतं. नीताताईंनी फोन उचलला तोच, "काय गं, आई काय म्हणतात? डिंकाचे लाडू झाले का? माझा नमस्कार सांग त्यांना, आणि हे बघ, आम्ही कुणी येत नाही म्हणून रागावू नका म्हणावं."

"सांगते," उल्का म्हणाली. फोन ठेवला. मग ती बराच वेळ डिंकाच्या पिशवीकडे बघत राहिली. पिशवीला लावलेलं रबर आईने दोनदा पिळून बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घर लावलं. दाराशी स्वतःच्या जुन्या चपला, जणू दुसऱ्या कुणाच्या. बाथरूममध्ये नवा ब्रश, ओला करून. सोफ्यावर उशी आणि पांघरूण. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, बांबूच्या दांडीवर, निळी इरकल. चौदाव्या मजल्याच्या वाऱ्यावर साडी फुगली, तेव्हा घरात खरंच कुणी तरी आल्यासारखं वाटलं. उल्का तिच्याकडे बघत उभी राहिली. तेवढी पाच मिनिटं तिला बरं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

फरीदा आली, चपला काढल्या, त्या दुसऱ्या चपलांशेजारी नीट लावल्या.

"आई कुठे?"

"बाजारात गेलीय. येईलच."

"मग थांबते मी." आणि ती खुर्चीवर बसली.

उल्का चहा टाकायला उठली. पोट इतकं पुढे आलेलं की ओट्याशी तिरकं उभं राहावं लागायचं. आलं किसलं, दूध ओतलं, कप आणले, बिस्किटांचा डबा उघडायला पुन्हा आत गेली. फरीदाने चहा प्यायला, बाळाचे ठोके ऐकले, ब्लडप्रेशर घेतलं, मग खिडकीपाशी जाऊन साडीचं टोक बोटांत धरलं.

"घड्या अजून तशाच आहेत," ती म्हणाली. "धुतलेली नाही ही."

उल्काने बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं.

"मला साडीतलं काही कळत नाही, गर्ल. पण किती घरांत गेले असेन मी. चिनी, मलाय, तमिळ. ज्या घरात आई आलेली असते, तिथे मुलगी चहा करायला उठत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उल्का सावरली असती. ती सोफ्यावर, आईसाठी ठेवलेल्या पांघरुणावर बसली आणि रडली. दोन वर्षांपूर्वीच्या अकरा तासांत रडली नव्हती तेही त्यात आलं असावं. फरीदाने तिला जवळबिवळ घेतलं नाही. शेजारी बसून राहिली फक्त. मग फॉर्म काढून दुसरी ओळ खोडली.

"शुक्रवारपर्यंत खरं नाव दे. नाही तर मी येणार नाही. चिडून नाही म्हणत. भीतीने म्हणते."

ती गेल्यावर उल्काने आईला फोन लावला. पुण्यात साडेबारा वाजले असतील. मागे कुकरची शिट्टी झाली.

"आई, मी तुझी साडी वाळत घातली."

"वाळत? कापायला दिली होती ना?"

मग उल्काने सांगितलं. गणपतीपासून सगळं. चपला, ब्रश, सोफा. फरीदा काय म्हणाली ते. आईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "साडी आत घे. उन्हाने विटते."

"घेते."

"ती बाई चहाचं बोलली?"

"हो."

गॅस बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा. आणि मग आई, जिच्या तोंडून बालपणाबद्दल उल्काने कधी चार वाक्यं ऐकली नव्हती, सांगायला लागली. तिला एक थोरली बहीण होती, सरोजिनी. पहिलटकरीण म्हणून माहेरी, कराडजवळच्या गावी आलेली. सकाळपासून खोलीत. आई तेव्हा नऊ वर्षांची. तिला दाराबाहेर उभी केली होती, पाणी मागितलं की द्यायला. संध्याकाळपर्यंत तिने सात तांबे आत दिले. आठवा कुणी मागितला नाही.

"मला कुणी सांगितलं नाही गं. मी आपली तांब्या धरून उभी." आई थांबली. "मला पुन्हा दाराबाहेर उभं करू नकोस, उल्का. एवढंच होतं माझं."

हॉस्पिटल म्हणावं, असं उल्काच्या जिभेवर आलं. ती ते म्हणालीही असती. पण तिला फरीदाचे पसरलेले हात आठवले.

"आई, बाहेर नाही. तिला माणूस आत हवंय. बाहेर उभं राहायला तर मी शिरीषला ठेवणार आहे."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. मग, "आत म्हणजे कुठे?"

"मला माहीत नाही. ती सांगेल."

"मी येते," आई म्हणाली. "थांबेन असं म्हणत नाही. येते. तिथे ठरवीन. नाही जमलं तर हॉस्पिटल, आणि तू वाद घालायचा नाहीस."

"नाही घालणार."

गुरुवारी आई आली. एवढीशी दिसली विमानतळावर, आणि बॅगेपेक्षा जड असा एक स्टीलचा डबा छातीशी धरलेला. रात्री दोघी फार बोलल्या नाहीत. शिरीषने दोघींना विचारलं, एसी किती ठेवू, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, तू म्हणशील तसं. तो बिचारा रिमोट हातात घेऊन उभाच राहिला.

शुक्रवारी फरीदा आली. या वेळी दाराशी खऱ्या चपला होत्या, टाचेला झिजलेल्या. फरीदाने आईला सलाम केला, आईने हात जोडले. एकीला मराठी नाही, दुसरीचं इंग्रजी शाळेपुरतं. मध्ये उल्का. आईने पहिला प्रश्न विचारला तो हॉस्पिटलच्या अंतराचा. दुसरा, रक्त फार गेलं तर काय. फरीदाने सॅक उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली: इंजेक्शनं, ऑक्सिजनची छोटी नळकांडी, बाळाच्या तोंडावर बसेल एवढा मास्क. तो मास्क आईने हातात घेतला. तळव्यावर मावत होता. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला, अगदी हळू.

"आता खोलीत या," फरीदा म्हणाली. "तुमची जागा दाखवते."

उल्काला तिने पलंगाच्या मध्यावर बसवलं, स्वतः पायाशी गेली. पलंगाच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "आई इथे. हिच्या पाठीमागे. खांदे धरायचे. मी सांगेन तेव्हा बाळाला घ्यायचं. बाकी काही नाही."

आई उंबऱ्याशी थांबली होती. एक हात चौकटीवर. उल्काने भाषांतर केलं. केलं नसतं तरी चाललं असतं. आई चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होती. फरीदाने घाई केली नाही. ती आपल्या हातमोज्यांच्या खोक्यातले मोजे मोजायला लागली, जणू दिवसभर वेळ आहे. उल्काही आईकडे बघायचं टाळून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, आत्ता ही वळली तर मी काही म्हणणार नाही. टॅक्सीने नऊ मिनिटं. हात पुढे करायचा, पट्टी बांधून घ्यायची.

मग गादी मागच्या बाजूने दबली. खांद्यांवर दोन हात आले, गार.

"असे?" आईने विचारलं, फरीदाला, मराठीतच.

"असेच," फरीदा स्वतःच्या मलाय भाषेत म्हणाली, आणि उल्काला कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

फरीदाने फॉर्म काढला आणि खोडलेल्या ओळीच्या वर, थोडं तिरकं, आईचं नाव पुन्हा लिहायला घेतलं. स्पेलिंग विचारलं. उल्का एकेक अक्षर सांगत होती. सांगता सांगता, सवयीने, चहा टाकायला उठायला लागली.

खांद्यांवरचे हात जरा जड झाले. "तू बस," आई म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज आले. एक कपाट उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं.

"साखर कुठे ठेवतेस गं?"

तीन वर्षं उल्का या घरात राहत होती. दुसऱ्या खोलीतून तिला कुणी काही विचारलं होतं असं तिला आठवेना. "डावीकडच्या कपाटात," तिने बसल्या जागेवरूनच सांगितलं.